कंदांचे कोंब वर आले. वाफ्यातला पाचोळा कधी आणि किती काढायचा?

दवबिंदू (४ मार्च, सकाळी ८:४०)
बर्फ वितळलं आणि वाफ्यात कोंब दिसायला लागले. क्रोकस बोटाच्या पेराएवढे, डॅफोडिल दोन पेरं, ट्यूलिपची लालसर टोकं नुकती जमिनीशी आलेली. वाफा ४ मीटर लांब, दीड मीटर रुंद, वर मेपलचं झाड. पानगळीतली सगळी पानं ओली होऊन चिकटून बसली आहेत. मधेमधे गेल्या उन्हाळ्यातल्या फुलझाडांची वाळकी खोडं तशीच उभी आहेत. रात्री पारा अजून उणे ४ पर्यंत उतरतो.

सल्ले दोन मिळतात आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध. एक म्हणतो, सगळं लगेच साफ करा, नाहीतर कोंब कुजतील. दुसरा म्हणतो, दिवसाचं तापमान सलग आठवडाभर १० अंशांच्या वर राहीपर्यंत हात लावू नका, कारण पाचोळ्यात मधमाश्या, फुलपाखरांचे कोश झोपलेले असतात. पण तोवर क्रोकस फुलून संपलेले असणार. नेमकं काय काढायचं, कधी आणि कशाने?

खुरपे (४ मार्च, सकाळी ९:२५)
पाचोळ्याआधी माती बघा. वाफसा आलाय का? ७-८ सेंमी खोलवरून मूठभर माती घ्या, मुठीत घट्ट दाबा आणि गोळ्याला अंगठ्याने टोचा. भुगा होऊन फुटला तर कामाला लागा. नुसता चेपला आणि अंगठ्याचा ठसा उमटला, तर तीन-चार दिवस थांबा. ओल्या मातीवर पाय पडला की आतल्या हवेच्या जागा मिटतात, पाणी मुरायचं थांबतं आणि कंदाचा तळ पाण्यात राहतो. कंद कुजतो तो बहुतेक वेळा तिथूनच.

दीड मीटरचा वाफा दोन्ही बाजूंनी मोकळा असेल तर आत पाय ठेवायची गरजच नाही, ७५ सेंमी हात सहज पोचतो. एका बाजूला भिंत असेल तर २५-३० सेंमी रुंदीची फळी आडवी टाका आणि तिच्यावर गुडघे टेकून काम करा. फळी टाकण्याआधी खाली हात फिरवून कोंब चाचपून घ्या. जमिनीच्या पातळीला आलेलं ट्यूलिपचं टोक डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागतं.

मधुमालती (४ मार्च, सकाळी १०:०५)
खुरपेदादांशी सहमत. आता पाचोळ्याबद्दल. सगळा पाचोळा एका मापाने मोजू नका. ओकचं पान कडक, वाकडंतिकडं राहतं, त्याच्या थरात हवा खेळते आणि डॅफोडिल त्यातून आरामात वर येतं. बर्चची पानं लहान, ती कोंबांच्या मधून खाली घसरतात. मेपलचं पान मात्र रुंद, पातळ आणि लवकर मऊ पडणारं. बर्फाच्या वजनाखाली अशी दहा-वीस पानं एकावर एक दाबली गेली की ओल्या पुठ्ठ्यासारखी चवड तयार होते. तिच्यातून ना हवा जाते ना उजेड.

चवडीचा एक कोपरा हळूच उचलून खाली बघा. कोंब पांढरट-पिवळे, आडवे वळलेले, वाट शोधत बाजूला गेलेले दिसतील. डॅफोडिलचं टोक टणक असतं, ते बऱ्याचदा पानाच्या बरोबर मधून आरपार जातं आणि पान गळ्यात अडकवून वर येतं. ते ओलं पान मग वाळतं, आवळतं आणि आतली पाती एकमेकांपासून सुटू देत नाही. असं पान वर ओढून काढू नका. वर ओढलं की त्याच्याबरोबर पातीही मोडतात. पानाच्या कडेपासून कोंबापर्यंत नखाने चीर पाडा आणि बाजूला सरकवा. एका कोंबाला पाच सेकंद लागतात.

म्हणून तुमच्या वाफ्याला माझं उत्तर: मेपलची चवड आत्ताच काढा. सुटा, कोरडा पाचोळा जिथे असेल तिथे घाई नाही.

शेवंती (४ मार्च, दुपारी १२:३०)
१० अंशांच्या नियमाबद्दल थोडं. तो अंदाज म्हणून ठीक आहे, पण सगळे जीव त्याच्या तालावर उठत नाहीत. भुंग्यांच्या राण्या क्रोकस फुलायच्या सुमारासच बाहेर पडतात. पोकळ खोडात घर करणाऱ्या काही एकट्या मधमाश्या थेट उन्हाळ्याच्या तोंडावर निघतात. पानांना चिकटलेले पतंगांचे कोश त्याहून वेगळ्या वेळी फुटतात. त्यामुळे तापमापकाकडे बघत थांबून सगळे वाचतात असं होत नाही, आणि आधी हात लावला म्हणून सगळे मरतात असंही नाही. मरतात ते पाचोळा पिशवीत भरून टाकल्याने, यंत्रात बारीक केल्याने किंवा जाळल्याने.

म्हणून पाचोळा हलवा, हद्दपार करू नका. कंदांच्या डोक्यावरून उचला आणि वाफ्याच्या मागच्या बाजूला किंवा झुडपांच्या बुंध्याशी सैल पसरा. थर १०-१५ सेंमीपेक्षा जाड नको. कोश दिसला तर ज्या पानाला तो चिकटला आहे त्या पानासकट न्या.

रानवाट (४ मार्च, दुपारी २:१०)
शेवंतीताई, कीटकांबद्दलची काळजी पटते, पण पाचोळा झुडपाखाली सरकवला की गोगलगायींचं बिऱ्हाडही तिथेच सरकतं. मेपलच्या चवडीखाली बघा, काचेच्या बारीक मण्यांसारखी अंड्यांची रास सापडते. ट्यूलिपचं कोवळं पान हे त्या पिल्लांचं पहिलं जेवण. शिवाय ट्यूलिपचा करपा. कोंब वर येतानाच वाकडा, सुरकुतलेला, टोकाला जळल्यासारखा तपकिरी दिसला आणि दमट हवेत त्यावर राखाडी लव आली, तर ती बोट्रायटिसची बुरशी. एका कोंबावरून तिचे बीजाणू वाऱ्या-पावसाने शेजारच्या सगळ्यांवर जातात. ट्यूलिपच्या भोवतीचा ओला पाला मी म्हणेन पूर्ण काढा, काहीही शिल्लक ठेवू नका.

शेवंती (४ मार्च, दुपारी २:४५)
रानवाटकाका, ट्यूलिपपुरतं मान्य. रोगट भाग झुडपाखाली न्यायचाच नाही. अंड्यांची रास दिसली तर ती उचलून कोरड्या उन्हात उघडी टाका, वाळून जाते किंवा पक्षी खातात. पण सहा चौरस मीटरच्या वाफ्यात ट्यूलिप असतील दीड-दोन मीटरवर. त्यासाठी सगळा वाफा झाडून लख्ख करायची गरज नाही. नागडी माती पहिल्याच जोरदार पावसात थापली जाते आणि तणाचं बी तिथेच रुजतं.

रानवाट (४ मार्च, दुपारी ३:२०)
हे बरोबर. करपलेला कोंब दिसला तर कंदासकट, भोवतीच्या मूठभर मातीसकट खणून काढा आणि कचऱ्यात टाका, खतात नाही. त्या जागी निदान ३ वर्षं ट्यूलिप लावू नका, कारण बुरशीच्या काळ्या बारीक गाठी मातीत टिकून राहतात. डॅफोडिल, अॅलियम लावलेले चालतात.

निळीगोकर्ण (४ मार्च, सायंकाळी ५:००)
दंताळं कोणतं वापरायचं? लोखंडी की प्लॅस्टिकचं?

खुरपे (४ मार्च, सायंकाळी ५:४०)
लोखंडी ताठ दातांचं दंताळं या दिवसांत वाफ्यात आणूच नका. ते माती उकरायचं अवजार आहे. ट्यूलिपच्या कोंबाला एक दात लागला की टोक साफ तुटतं, आणि साधारणपणे एका कंदाला फुलाचा दांडा एकच. मोडला की यंदा फूल नाही.

२० सेंमी रुंदीचं, लवचीक बोथट दातांचं लहान दंताळं घ्या. मूठ सैल धरा, दंताळ्याचं वजनच पुरे, वरून दाब देऊ नका. ओढायची दिशा कोंबांच्या रांगेला समांतर ठेवा, आडवी नाही. आणि हे सगळं कोंब पेराएवढे असेपर्यंतच. ५ सेंमीच्या वर गेले की दंताळं खुंटीला टांगा, पुढचं काम बोटांनी.

डॅफोडिलच्या पातीचं टोक चुकून तुटलं तर हळहळू नका. ही पात कांद्याच्या पातीसारखी बुडाकडून वाढते. तुटलेलं टोक वर सरकत जातं आणि पात पुढे वाढत राहते. दिसायला बोथट, बाकी नुकसान फारसं नाही. कळी आत, पातींच्या मधे असते. ती शाबूत असली की फूल येणार.

हिरवाचाफा (४ मार्च, सायंकाळी ६:१५)
पानं उडवायचं यंत्र चालेल का? तासाभराचं काम पाच मिनिटांत होईल.

मधुमालती (४ मार्च, सायंकाळी ६:३०)
कोरड्या ओकच्या पानांवर, कमी वेगात, नळी तिरकी धरून चालतं. ओल्या मेपलच्या चवडीवर चालत नाही. जोर वाढवला की चवड जागेवरच राहते आणि तिच्या शेजारची मोकळी माती नि खत उडून जातं. क्रोकसचे कंद जेमतेम ७-८ सेंमी खोल असतात, त्यांच्या डोक्यावरची माती गेली की ते उघडे पडतात. पानं ओढून आत बारीक करणारं यंत्र तर अजिबात नको. शेवंतीताईंनी सांगितलेले सगळे कोश त्यात भरडले जातात.

दवबिंदू (५ मार्च, सकाळी ७:५०)
सगळ्यांचे आभार. माती पाहिली, भिंतीकडची ओली आहे, पुढची फुटते. पुढच्या बाजूला चवड थोडी उचलली. खाली मधुमालतीताईंनी लिहिलेत तसेच पिवळे, ६-७ सेंमी लांब कोंब. आज रात्री उणे ५ सांगितलंय. उघडे ठेवले तर जळतील का? की परत झाकू?

मधुमालती (५ मार्च, सकाळी ८:२०)
थंडीला हे कोंब चिवट असतात. पेशींमध्ये साखर साठलेली असते, त्यामुळे आतलं पाणी सहज गोठत नाही. अडचण थंडीपेक्षा एकाएकी बदलाची आहे. अंधारात वाढलेल्या पिवळ्या पातीत हरितद्रव्य नसतं आणि वरची साल पातळ असते. तिला एका दिवशी कडक ऊन आणि त्याच रात्री बोचरा वारा मिळाला की टोकं पांढरी पडून कागदासारखी वाळतात.

म्हणून दोन-तीन टप्प्यांत करा. पहिल्या दिवशी फक्त दाबून बसलेली चवड फोडायची. ती उचला, हातांनी सुटी करा आणि त्यातली निम्मी पानं सैल करून परत टाका. हवा जायला लागली, उजेड झिरपायला लागला, एवढं पहिल्या दिवसाला पुरे. तीन-चार दिवसांनी, आभाळ भरलेलं असेल तेव्हा, उरलेली बाजूला घ्या. कोंब दोन-तीन दिवसांत फिकट हिरवे आणि आठवड्याभरात गडद होतात. हिरवे झाले की झाकाझाकी बंद.

आज रात्रीसाठी उघडलेल्या भागावर सुटी पानं ४-५ सेंमी टाका, वर डहाळ्या ठेवा म्हणजे वाऱ्याने जाणार नाहीत. प्लॅस्टिकचा कागद नको. तो पातीला टेकतो, त्याच्या आतलं पाणी गोठतं आणि टेकलेली जागा जळते.

खुरपे (५ मार्च, सकाळी ८:४५)
याला एक जोड. सकाळी डॅफोडिल किंवा हायसिंथ जमिनीवर आडवे झोपलेले दिसले तर हात लावू नका. गोठलेली पात काचेसारखी ठिसूळ असते, उभी करायला गेलात की मोडते. कोमट पाणी ओतू नका. ऊन वर आलं की दुपारपर्यंत आपोआप उठतात. नवीन बर्फ पडलं तर तेही झटकू नका, वाऱ्यापासून त्याच्याइतकं चांगलं पांघरूण दुसरं नाही.

गांडूळखत (५ मार्च, सकाळी ११:१०)
झुडपाखाली न मावणाऱ्या पानांचं काय करायचं यावर कोणी बोललं नाही, म्हणून. झुडपाखाली मावतील तेवढी न्या. उरलेल्यांसाठी जाळीचा गोल पिंजरा करा, साधारण १ मीटर व्यास, तेवढीच उंची. पानं ओली भरा, पायाने तुडवू नका, उन्हाळ्यात कोरडी पडली तर पाणी मारा. एक ते दोन वर्षांत काळा, जंगलातल्या मातीसारखा वास येणारा भुसभुशीत पाला तयार होतो. कंदांवर पसरायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. त्यात नत्र कमी असतं, आणि कंदांना नत्राचा मारा नकोच असतो. नत्र जास्त झालं की पाती लांब, लोळणाऱ्या आणि कंद मऊ होतो.

अक्रोडाची पानं असतील तर ती वेगळी ठेवा. त्यातलं जुग्लोन नावाचं द्रव्य बऱ्याच झाडांना सोसत नाही. रोगट पाला पिंजऱ्यात नको. ५५ अंशांच्या वर तापणारा, नीट उलटला जाणारा मोठा ढीग असेल तरच त्यात. पिंजऱ्यातली पानं तापत नाहीत, ती थंडपणे कुजतात, म्हणून बुरशीच्या गाठी तशाच राहतात.

निळीगोकर्ण (५ मार्च, दुपारी १:००)
उभ्या वाळक्या खोडांचं राहिलं. ती उपटली तर?

शेवंती (५ मार्च, दुपारी १:४०)
उपटू नका. या दिवसांत माती सैल असते. खोड ओढलं की त्याचा गड्डा, नवे फुटवे आणि मुळांमध्ये बसलेले कंद सगळं एकदम वर येतं. धारदार सिकेटरने कापा, आणि जमिनीलगत नाही. २० ते ६० सेंमीपर्यंत कमीजास्त उंचीची थोटकं ठेवा. कापलेली पोकळ टोकं हीच मधमाश्यांची पुढच्या हंगामाची घरं.

कापण्याआधी खोडाकडे नीट पाहा. बाजूला पेन्सिलच्या शिशाएवढं गोल भोक असेल, किंवा तुटलेल्या टोकात वाळक्या चिखलाचं, चघळलेल्या पानांचं बूच दिसलं, तर आत पिल्लं आहेत. असं खोड तुकडे न करता अख्खं कापा आणि कुंपणाला उभं टेकवून ठेवा, तोंड होतं त्याच बाजूला. जमिनीवर आडवं टाकलं तर ओल लागून आतल्या कप्प्यांना बुरशी येते.

थोटकं ओंगळ दिसतात अशी तक्रार होते. महिनाभरात नवा पाला त्यांच्यावरून जातो.

रानवाट (५ मार्च, दुपारी ३:०५)
खोडं ठेवायचा नियम सगळ्यांना लावू नका. काही झाडांचा जुना भाग कोंब यायच्या आत काढावाच लागतो.

मऊ खोडाच्या पिओनीची काळी पडलेली देठं जमिनीलगत कापून कचऱ्यात टाका, तिच्या कळ्या काळवंडवणारी बुरशी तिथेच मुक्कामाला असते. झुडूप पिओनी मात्र कापायची नाही, तिच्या लाकडावरच डोळे असतात. दाढीवाल्या आयरिसची वाळकी पानं काढा. आयरिस पोखरणाऱ्या अळीची अंडी जुन्या पानांवरच हिवाळा काढतात. हेलेबोरची डागाळलेली जुनी पानं बुडापासून कापा, फुलांचे देठ उंच व्हायच्या आत, म्हणजे कात्री देठांना लागत नाही. पण ज्या हेलेबोरला उंच पानाळ खोड असतं आणि त्याच खोडाच्या शेंड्याला फूल येतं, त्याला फुलणं संपेपर्यंत हात नाही. एपिमेडियमची जुनी पानं मात्र आधीच कापा, नव्या फुलांचे देठ तारेसारखे बारीक असतात. एकदा ते जुन्या पानांत गुंतले की वेगळे करता येत नाहीत. गुलाबाखालची काळे ठिपके आलेली पानं एकूण एक वेचा.

लॅव्हेंडर, बडलेया यांना आत्ता कापू नका. डोळे फुगलेले दिसेपर्यंत थांबा, नाहीतर कोवळी फूट गारठ्यात सापडते.

खुरपे (५ मार्च, दुपारी ३:३०)
शोभेच्या उंच गवतांचं यात घाला. आधी सुतळीने पेंढी बांधायची, मग बांधलेल्या जागेखाली, जमिनीपासून १०-१५ सेंमीवर कापायचं. न बांधता कापलं की काड्या वाफाभर उडतात आणि कोंबांमधून एकेक वेचत बसावं लागतं. निळसर, बारमाही हिरवी राहणारी बुटकी गवतं कापायची नाहीत, हातमोजा घालून बोटांनी विंचरायची.

हिरवाचाफा (६ मार्च, सकाळी ९:००)
मस्कारीच्या पाती टोकाला तपकिरी, मरगळलेल्या दिसतात. रोग आहे का?

मधुमालती (६ मार्च, सकाळी ९:१५)
नाही. मस्कारीच्या पाती शरद ऋतूतच वर येतात आणि अख्खा हिवाळा उघड्यावर काढतात. टोकं वाळणारच. कापू नका, त्याच पाती कंदाला पोसतात. मधून निळे तुरे आले की टोकांकडे कोणाचं लक्ष जात नाही.

निळीगोकर्ण (६ मार्च, सकाळी ९:२०)
म्हणजे मस्कारी दर हिवाळ्यात सगळ्यांची मस्करी करते :)

गांडूळखत (६ मार्च, सकाळी ९:५०)
:) नाव अगदी शोभतं.

पाचोळा हटवल्यावर काही कंद मातीच्या वर आलेले दिसतात, त्याबद्दल सांगतो. गोठणं-वितळणं वारंवार झालं की माती फुगते आणि उथळ लावलेला कंद वर ढकलला जातो. त्याला अंगठ्याने खाली दाबू नका. खाली मुळं पसरलेली असतात, दाबलं की तुटतात. आहे तिथेच राहू द्या आणि वर ४-५ सेंमी चाळलेली माती नि पाल्याचं खत घाला. पाती वाळल्या की काढून कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोलीवर परत लावा.

शेवंती (६ मार्च, सकाळी १०:३०)
हातमोजे घाला. डॅफोडिलच्या रसाने हाताला पुरळ येतं, ट्यूलिपचे कंद सतत हाताळले की बोटांची टोकं फुटतात, हायसिंथच्या सुक्या सालीने खाज सुटते. पातळ रबरी मोजे घ्या, जाड चामड्याच्या मोज्यांतून कोंब जाणवत नाहीत. आणि गोचिडींचा भाग असेल तर पायजमा पायमोज्यांत खोचा. गारठा थोडा कमी झाला की त्या पाचोळ्यातून हालचाल करू लागतात. काम झाल्यावर गुडघ्यामागे, काखेत तपासा.

निळीगोकर्ण (६ मार्च, दुपारी १२:१०)
पाचोळा काढला की खारी क्रोकस उकरतात. त्यावर काय?

रानवाट (६ मार्च, दुपारी १२:४५)
खारीला ताजी हललेली माती दिसली की ती उकरणार. म्हणून पाचोळा उचलताना माती खरवडू नका, हलली तर हाताने थापटा. क्रोकसवर २.५ सेंमी भोकांची जाळी आडवी टाकून कडा दगडांनी दाबा. पाती त्यातून वर येतात. डॅफोडिलला जाळी लागत नाही. त्यात लायकोरिन नावाचं विषारी द्रव्य असतं, खारी आणि हरणं तोंड लावत नाहीत. कुत्रं असेल तर हाडांचं खत टाळा, त्याच्या वासाने ते वाफाच उकरतं.

खुरपे (६ मार्च, दुपारी १:३०)
पाचोळ्याखाली हिरवं दिसलं की सगळंच कंद समजू नका. थंडीत सर्वात आधी जोर धरतं ते कार्डमाईन नावाचं लहान तण. गोल चकती, बारीक जोडपानं, मधून पांढरी इवली फुलं. शेंग धरली की हात लागताच तडकते आणि बी मीटरभर उडतं. म्हणून फुलं दिसली की त्याच दिवशी मुळासकट काढा. ओल्या मातीत दोन बोटांनी निघतं. खुरपं चालवू नका, पाच सेंमी खाली कुठे कोणता कंद आहे हे आत्ता सांगता येत नाही.

दवबिंदू (१९ मार्च, सकाळी ८:१५)
पुढचा भाग तीन टप्प्यांत मोकळा झाला. पाती हिरव्या झाल्या, क्रोकस उघडले. चवड मागच्या झुडपांखाली सैल पसरली, खोडं ४० सेंमीवर कापली. आता दोन प्रश्न. मोकळ्या झालेल्या मातीवर काय पसरू? आणि भिंतीकडच्या कोपऱ्यात अजून काहीच वर आलेलं नाही, तिथला पाचोळाही काढू का?

गांडूळखत (१९ मार्च, सकाळी ८:५०)
जुना पाला-खत २-३ सेंमी, कोंबांच्या मधल्या जागेत. कोंबांच्या गळ्याशी चिकटवू नका, तिथे बोटभर जागा मोकळी सोडा. क्रोकस, स्नोड्रॉपसारख्या लहान कंदांवर २ सेंमीच्या वर जाऊ नका. लाकडाचा भुसा किंवा ढलप्या मोठ्या कंदांवर ५ सेंमीपर्यंत चालतात. ताजं शेणखत अजिबात नको, कंदाचा तळ कुजतो.

मधुमालती (१९ मार्च, सकाळी ९:३०)
कोपऱ्याबद्दल: चवड असेल तर फोडून सैल करा, एवढंच. पाचोळा तिथेच राहू द्या. भिंतीच्या सावलीत माती उशिरा तापते, त्याच जातीचा कंद तिथे दोन आठवडे मागे असू शकतो. काही झाडं तर स्वभावानेच उशिरा उठतात. होस्टा, अॅस्क्लेपियस, प्लॅटिकोडॉन हे ट्यूलिप संपत आल्यावर डोकं काढतात. मेली समजून दरवर्षी किती तरी लोक तिथे कुदळ घालतात.

खात्री करायची असेल तर माती न उकरता बोट सरळ खाली घाला. टणक टोक लागलं की थांबा. तिथे एक काडी रोवा, आणि जिथे काहीच लागलं नाही तिथे वेगळ्या रंगाची. शरदात नवे कंद लावायची वेळ येईल तेव्हा पाती वाळून गेलेल्या असतात आणि भरलेली जागा कोणती, रिकामी कोणती हे या काड्यांवरूनच कळतं.

खुरपे (१९ मार्च, सकाळी ९:४५)
काड्या बांबूच्या घ्या आणि निदान १५ सेंमी आत जाऊ द्या. उथळ रोवल्या तर खारी उपटून नेतात. रोवताना कंदाच्या शेजारी, चार बोटं सोडून.

दवबिंदू (१९ मार्च, सकाळी १०:२०)
आत्ताच बोट घालून पाहिलं. भिंतीपासून हातभर अंतरावर तीन टणक टोकं लागली. काड्या रोवल्या, पाचोळा परत सैल करून ठेवला.